वीस शेतकरी, वीस आकडे: संख्याशास्त्राची पहिली ओळख

लातूर बाजार समितीतला सोयाबीनचा रोजचा भाव पाहिला तर एका ओळीत चार आकडे असतात: आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. माल घेऊन निघालेला माणूस पहिल्या तिघांवरून नजर फिरवतो आणि चौथ्यावर थांबतो. समजा किमान ४,०००, कमाल ४,७०० आणि सर्वसाधारण ४,५५० आहे. किमान आणि कमाल यांच्या बरोबर मधला आकडा ४,३५० येतो, पण सर्वसाधारण दर तो नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त माल ज्या दराच्या आसपास विकला गेला, तो हा दर. पुस्तकात हीच गोष्ट ‘बहुलक’ म्हणून येते आणि पोरगं तिथं अडखळतं. त्याचा बाप मात्र याच बहुलकाकडे बघून माल आज आडतीला न्यायचा की आठ दिवस थांबायचं, हे ठरवत असतो.

कॉलेजचं पहिलं वर्ष, कृषी पदविका, स्पर्धा परीक्षा, नाहीतर ग्रामपंचायतीचा अंगावर पडलेला एखादा सर्व्हे, कुठून तरी हा विषय समोर येतोच. व्याख्या पाठ करून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी वहीत वीस आकडे असावेत, मग शब्द. म्हणून इथे एका काल्पनिक गावातल्या वीस शेतकऱ्यांचा सोयाबीनचा उतारा घेऊ आणि बहुतेक शब्द त्याच आकड्यांवर तपासून बघू. कागद, पेन्सिल, पट्टी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

पायरी १: प्रश्न मोजता येईल असा करा

‘औंदा सोयाबीन कसं पिकलं?’ हा पारावरचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर ‘बरं हाय’ असं येतं आणि ते वहीत मांडता येत नाही. तो असा करा: ‘या खरिपात आपल्या गावात सोयाबीन पेरलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला एकरी किती क्विंटल उतारा पडला?’

आता यातले शब्द बघा. गावातले सोयाबीन पेरलेले सगळे शेतकरी मिळून झाली समष्टी. प्रत्येक शेतकऱ्यागणिक बदलणारी गोष्ट, म्हणजे इथे एकरी उतारा, हा चल. एकेका शेतकऱ्याचं उत्तर म्हणजे एकेक प्राप्तांक. सगळी उत्तरं मिळून झाली सामग्री. तुम्ही स्वतः विचारून आणली तर ती प्राथमिक सामग्री. तलाठ्याच्या दप्तरातून, जनगणनेतून किंवा बाजार समितीच्या नोंदीतून उचलली तर दुय्यम.

एककाकडे नवशिके दुर्लक्ष करतात आणि पुढचं सगळं तिथंच बिघडतं. आपल्याकडे कुणी एकरी सांगतो, कुणी ‘बॅगला इतके कट्टे झाले’ असं सांगतो. बॅग म्हणजे पेरलेलं बियाणं, आणि एका बॅगेत किती रान पेरलं ते प्रत्येकाचं वेगळं. कट्टाही सगळीकडे सारख्या वजनाचा नसतो. त्यामुळे जागेवरच विचारा: कट्टा किती किलोचा, आणि बॅग किती गुंठ्यांत गेली? ४० गुंठ्यांचा एकर, १०० किलोचा क्विंटल, असं करून सगळे आकडे एकाच मापात आणल्याशिवाय बेरजेला हात लावू नका.

चलाचे प्रकारही इथेच समजून घ्या. उतारा, पाऊस, वजन या गोष्टी कितीही बारीक मोजता येतात. हे संतत चल. घरात म्हशी किती, बोअर किती, हे एक, दोन, तीन असंच मोजतात. हे खंडित चल. दोन्ही संख्यात्मक. पाण्याचा स्रोत विहीर, बोअर, कॅनॉल की कोरडवाहू, हे गुणात्मक. फसगत होते ती आकड्यासारख्या दिसणाऱ्या गुणात्मक चलाची. एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनची वाणं. म्हणून काही ६१२ हे ७१ पेक्षा साडेआठपट भारी ठरत नाही. गाड्यांच्या नंबरांचंही तेच: एमएच-२३ बीड, एमएच-२४ लातूर, एमएच-२५ धाराशिव. या तिघांची सरासरी काढली तर २४ येते, म्हणून बीड आणि धाराशिवची सरासरी लातूर होत नाही. एक साधी कसोटी वापरा: दोन नोंदींची बेरीज केली तर तिला काही अर्थ उरतो का? नसेल, तर तो आकडा केवळ नाव आहे.

पायरी २: कुणाला विचारायचं ते चिठ्ठीवर सोडा

गावात सोयाबीनवाले तीनशे असतील तर सगळ्यांकडे जाणं होत नाही. मग काही जणांना विचारायचं. तो झाला नमुना. सोपा रस्ता म्हणजे संध्याकाळी चौकात जे भेटतील त्यांना विचारणं, किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकणं. चौकात रस्त्याकडेच्या रानाचे, निवांत बसायला वेळ असणारे पुरुष भेटतात. ग्रुपवर ज्याचं चांगलं पिकलं तो हौसेनं सांगतो. शिवाराच्या टोकाला माळरानावर पेरणारी विधवा बाई या दोन्ही ठिकाणी नसते. अशा एकीकडे झुकलेल्या नमुन्याला अभिनत नमुना म्हणतात. नमुना मोठा केल्यानं हा झुकाव जात नाही. चौकातल्या दोनशे जणांपेक्षा चिठ्ठ्या टाकून निवडलेले वीस जण गावाबद्दल जास्त खरं सांगतात.

कृती अशी. सोयाबीन पेरलेल्या खातेदारांची यादी मिळवा; ई-पीक पाहणीची नोंद यासाठी कामाची. प्रत्येकाला अनुक्रमांक द्या, तेवढ्या चिठ्ठ्या करा, डबा हलवा, वीस काढा. ज्यांचं नाव निघालं त्यांच्याकडेच जायचं. घराला कुलूप असलं तर शेजाऱ्याला विचारून भागवायचं नाही, पुन्हा जायचं. याला यादृच्छिक नमुना म्हणतात, कारण यात प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असते.

हे पुस्तकापुरतं नाही. पीकविम्यासाठी महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन काढायला जे पीक कापणी प्रयोग होतात, ते याच तत्त्वावर उभे आहेत: गाव, गट नंबर आणि वावरातली जागा यादृच्छिक पद्धतीनं ठरते, मग ठरलेल्या मापाचा तुकडा कापून, मळून, वजन होतं. संख्याशास्त्रज्ञ व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात या पद्धतीवर मोठं काम केलं. सुखात्म्यांनी त्यात एक भारी गोष्ट दाखवली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा नकळत आत धरतो. आणि तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. यात कुणी लबाडी करत नाही, तरी आकडा एकाच बाजूला सरकतो. आपल्या तालुक्यात कापणी प्रयोग असेल तर तो बघायला जा. नमुना निवडणं म्हणजे काय, हे अर्ध्या दिवसात कळतं.

पायरी ३: वहीत उतरवताना शून्य आणि रिकामी जागा वेगळी ठेवा

आपल्या वीस जणांची उत्तरं, जशी मिळाली तशी, जवळच्या पूर्ण क्विंटलमध्ये:

७, ५, ८, ६, ४, ९, ६, ७, ३, ६, ८, ५, ६, १२, ७, ४, ६, १०, ५, ८

ही कच्ची सामग्री. आता समजा, आणखी दोघांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या, पण यादीत नाव असूनही त्यांनी ऐन वेळी सोयाबीनऐवजी तूर पेरली. त्यांच्यापुढे ० लिहिलं तर? वीस जणांची बेरीज १३२, सरासरी ६.६. दोन शून्यं घातली की १३२ भागिले २२, म्हणजे ६. गावाचा उतारा एकरी साठ किलोनं खाली आला, तोही न पेरलेल्या सोयाबीनमुळे. पेरलं आणि अतिवृष्टीत सगळं गेलं, तर ते खरं शून्य. ते लिहायलाच हवं. पेरलंच नाही, किंवा सांगितलं नाही, तर रकाना रिकामा ठेवून बाजूला कारण लिहायचं. सरकारी तक्त्यांतही रिकाम्या जागी शून्य भरलेलं सापडतं, म्हणून दुय्यम सामग्री घेताना शून्यांकडे जरा संशयानंच बघा.

पायरी ४: क्रम लावा, मोजा

आकडे चढत्या क्रमानं लावून प्रत्येकापुढे ठिपके द्या:

३ ●
४ ●●
५ ●●●
६ ●●●●●
७ ●●●
८ ●●●
९ ●
१० ●
११
१२ ●

शाळेत ताळ्याच्या खुणा केल्या असतील, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, काम तेच. एखादा आकडा किती वेळा आला ती त्याची वारंवारता. ६ची वारंवारता ५. सगळ्या वारंवारतांची बेरीज २० आलीच पाहिजे. नाही आली तर पुन्हा मोजा.

आकडे खूप असले किंवा दशांशात असले की गट पाडावे लागतात. त्यांना वर्ग म्हणतात. दोन-दोन क्विंटलचे वर्ग केले तर २–४ मध्ये १, ४–६ मध्ये ५, ६–८ मध्ये ८, ८–१० मध्ये ४, १०–१२ मध्ये १ आणि १२–१४ मध्ये १ शेतकरी येतो. इथे ६ क्विंटलवाला ४–६ मध्ये धरला नाही, ६–८ मध्ये धरला. वरची मर्यादा त्या वर्गात मोजायची नाही, ही असमावेशक पद्धत. कुठलीही पद्धत घ्या, पण एकच माणूस दोन वर्गांत बसू नये.

वारंवारता वरून खाली मिळवत गेलं की संचित वारंवारता मिळते: १, ६, १४, १८, १९, २०. आठ क्विंटलच्या आत किती जण, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार: १४.

पायरी ५: मधला आकडा कोणता?

‘सरासरी’ हा शब्द आपण सगळ्यालाच लावतो, पण मधला आकडा सांगायचे तीन मार्ग आहेत.

मध्य: सगळ्यांची बेरीज भागिले संख्या, १३२ ÷ २० = ६.६. व्यवहारात सरासरी म्हणतात ती हीच. मध्यक: चढत्या क्रमातला बरोबर मधला. वीस आकडे आहेत, म्हणून मधले दोन, दहावा आणि अकरावा, घेऊन त्यांचा मध्य काढायचा. दोन्ही ६ आहेत, म्हणून मध्यक ६. बहुलक: सगळ्यात जास्त वेळा आलेला, इथे ६.

आता एक गंमत करा. १२ लिहिताना हात घसरून १२० लिहिलं गेलं असं समजा. बेरीज २४० होते आणि मध्य थेट १२ वर जातो. म्हणजे गावाची सरासरी एकरी १२ क्विंटल, आणि वीसपैकी एकोणीस जणांना तर दहाच्या वर काहीच पिकलेलं नाही! मध्यक तेव्हाही ६ च राहतो. एखादा आकडा कितीही लांब गेला तरी मध्यक जागचा हलत नाही, मध्य मात्र त्याच्यामागे ओढला जातो. म्हणून उत्पन्न, जमीन, घराच्या किमती, जिथे जिथे मूठभर लोक फार वर असतात, तिथे मध्यक मागा. एखाद्या गटाची ‘सरासरी कमाई’ ऐकून आपण त्यात बसत नाही असं वाटलं, तर बहुतेक वेळा दोष आपला नसतो, मध्याचा असतो.

मग मध्य टाकून द्यायचा का? नाही. एकूण माल काढायचा असेल तर मध्यच लागतो. मात्र इथे एक खाच आहे. एका शेतकऱ्याला एक एकरात १० क्विंटल झाले आणि दुसऱ्याला नऊ एकरांत एकरी ५. दोघांच्या उताऱ्याचा साधा मध्य ७.५. पण दहा एकरांत मिळून माल झाला १० अधिक ४५, म्हणजे ५५ क्विंटल; एकरी साडेपाचच. क्षेत्राचं वजन देऊन काढलेला हा भारित मध्य. ‘शेतकऱ्याला सरासरी किती’ आणि ‘एकराला सरासरी किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सर्व्हेच्या अहवालात त्यांची सर्रास गल्लत होते.

पायरी ६: पसारा मोजा

मराठवाड्याला ही पायरी वेगळी समजावून सांगायची गरज नसावी. दोन महसूल मंडळं घ्या. दोन्हीकडे ऑगस्टमध्ये १६० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दिवसाला सरासरी ५.२ मिलिमीटर. पहिल्या मंडळात तो दहा दिवसांत १६-१६ मिलिमीटर पडला. दुसऱ्यात महिनाभर खंड आणि दोन दिवसांत ८०-८०. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, म्हणजे दुसरीकडे एकाच महिन्यात कोरड आणि अतिवृष्टी दोन्ही झाल्या. मध्य दोघांचा तोच. ‘सरासरीइतका पाऊस झाला’ या बातमीवर रानातला माणूस हसतो ते उगीच नाही.

पसारा मोजायचं सगळ्यात सोपं माप म्हणजे विस्तार: कमाल वजा किमान. आपल्या गावात १२ – ३ = ९. पण तो दोनच माणसांवर ठरतो. त्याहून बरे चतुर्थक. क्रम लावलेल्या आकड्यांचे दोन अर्धे करा. खालच्या दहाचा मध्यक ५, तो पहिला चतुर्थक. वरच्या दहाचा मध्यक ८, तो तिसरा. मधले निम्मे शेतकरी ५ ते ८ क्विंटलमध्ये आहेत, असं एका वाक्यात सांगता येतं, आणि ग्रामसभेत ते वाक्य कळतं. या दोघांतलं अंतर ३.

प्रमाण विचलन जरा लांबचं, पण एकदा हातानं काढाच. प्रत्येक आकड्यातून ६.६ वजा करा, आलेल्या फरकाचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करा: ८८.८. वीसने भागा: ४.४४. वर्गमूळ काढा: सुमारे २.१. अर्थ असा की शेतकरी मध्यापासून साधारण दोनेक क्विंटल इकडेतिकडे आहेत. ६.६ च्या मागेपुढे २.१, म्हणजे ४.५ ते ८.७ च्या आत आपले १४ जण येतात, ठिपके मोजून बघा. नमुन्यावरून अख्ख्या गावाचा अंदाज करायचा असेल तेव्हा वीसऐवजी एकोणीसने भागतात आणि उत्तर २.१६ च्या जवळ येतं. मोबाइलच्या शीटमध्ये यासाठी दोन वेगळी फंक्शन्स असतात, म्हणून मित्राचं आणि तुमचं उत्तर जुळलं नाही तर आधी ते तपासा.

पायरी ७: टक्के कशाचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

जायकवाडीचा साठा शून्य टक्के, असं वाचलं की धरण कोरडं पडलं असं वाटतं. ती टक्केवारी जिवंत साठ्याची, म्हणजे कालव्यात सोडता येणाऱ्या पाण्याची असते. मूळ क्षमतेनुसार जायकवाडीचा जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आणि त्याखाली मृतसाठा ७३८. म्हणजे शून्य टक्क्यालाही, गाळ सोडला तर, एकूण २,९०९ पैकी चौथा हिस्सा पाणी तळाशी असतंच. आणि ५० टक्के म्हणतात तेव्हा धरण निम्मं नसतं, एकूण क्षमतेच्या ६२-६३ टक्के भरलेलं असतं. खालचा भाजक बदलला की तेच पाणी वेगळ्या टक्केवारीत दिसतं.

आणखी एक. साठा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला, तर टक्केवारीतला फरक १० आहे, पण जिवंत पाणी वाढलं २५ टक्क्यांनी. बातमीत दोन्ही ‘टक्के’ म्हणूनच छापले जातात.

लातूर, नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांत आणखी एक जोडी रोज गोंधळ घालते: पर्सेंट आणि पर्सेंटाइल. एमएचटी-सीईटीत ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९५ गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी ९५ टक्के मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या खाली आहेत. पुस्तकात याला शततमक म्हणतात. मध्यक म्हणजे ५०वा शततमक, आपले चतुर्थक म्हणजे २५वा आणि ७५वा. नीटमध्ये खुल्या गटाची पात्रता एरवी ५०व्या पर्सेंटाइलवर ठरते, म्हणजे ती रेषा परीक्षा दिलेल्यांच्या मध्यकावरून जाते. पेपर सोपा निघाला की रेषा वर सरकणारच.

पायरी ८: आता काढा चित्र

आधी गणित, मग आलेख, असा क्रम पुस्तकात असतो. खरं तर पायरी ४चे ठिपके काढले तेव्हाच चित्र सुरू झालं होतं, आणि ते लवकर काढलेलंच बरं. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच बनवून दाखवले. चारही संचांचे मध्य, विचलन आणि दोन चलांमधला संबंध जवळपास सारखे. कागदावर काढले तर एकात सरळ कल, दुसऱ्यात वळणदार रेघ, तिसऱ्यात एकच बिंदू भरकटलेला, चौथ्यात दहा बिंदू एका उभ्या ओळीत आणि एक एकटाच दूर. नुसती गणितं केली असती तर चारही एकच वाटले असते.

गुणात्मक चलाला, किंवा वेगवेगळ्या नावांच्या गोष्टींची तुलना करायला, स्तंभालेख. उदाहरणाला २०११ च्या जनगणनेतली आपल्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या घ्या, लाखांत: औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) ३७.०, नांदेड ३३.६, बीड २५.९, लातूर २४.५, जालना १९.६, परभणी १८.४, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) १६.६, हिंगोली ११.८. एक सेंटिमीटरला पाच लाख धरलं तर सगळ्यात उंच स्तंभ ७.४ सेंटिमीटरचा आणि हिंगोलीचा २.४ चा; साधारण तिप्पट फरक, जो खरा आहे. आता उभा अक्ष शून्याऐवजी दहा लाखांपासून सुरू करून बघा. संभाजीनगरचे २७ लाख उरतात आणि हिंगोलीचे जेमतेम पावणेदोन. हिंगोली पंधराव्या हिश्श्याची दिसायला लागते, एकही आकडा न बदलता. स्तंभाच्या उंचीवरून डोळा तुलना करतो, म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा. निवडणुकीच्या दिवसांत फॉरवर्ड होणारे स्तंभालेख या एकाच नजरेनं तपासा, बरेच गळून पडतील. स्तंभांमध्ये फट ठेवा, आणि जिल्हे वर्णानुक्रमे लावण्यापेक्षा उंचीच्या क्रमानं लावा.

आयतालेख दिसतो तसाच, पण तो संतत चलाच्या वर्गांसाठी. २–४, ४–६, ६–८ असे वर्ग एकमेकांना लागून असतात, म्हणून आयतही लागून काढायचे, मध्ये फट नाही. आपल्या गावाचा आयतालेख १, ५, ८, ४, १, १ अशा उंचीचा होईल: डावीकडे भराभर चढणारा, उजवीकडे लांब शेपूट असलेला. ही शेपूट दिसली की मध्य मध्यकाच्या पुढे असणार हे बहुतेक वेळा न मोजता सांगता येतं. वर्ग फार मोठे घेतले तर सगळं एका ढिगात जातं, फार लहान घेतले तर दात पडल्यासारखं दिसतं. दोन-तीन मापं करून बघा.

वृत्तालेख, म्हणजे गोलाचे तुकडे, मला फारसा आवडत नाही. ६–८ वर्गातले ४० टक्के शेतकरी दाखवायला १४४ अंशांचा कोन काढा, मग बाकीचे. आणि शेवटी २० आणि २५ टक्क्यांच्या तुकड्यांतला फरक डोळ्याला कळत नाही तो नाहीच. तीन-चार भाग असतील आणि ते मिळून एक पूर्ण होत असेल तरच काढा. काळाप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टीला, जसं जूनपासूनच्या पावसाला किंवा धरणाच्या साठ्याला, रेषालेख. आडव्या अक्षावर तारीख.

दोन गावांची तुलना असेल तर पेटी आलेख काढा. किमान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक, कमाल: आपल्याकडे ३, ५, ६, ८, १२. पाच ते आठ अशी पेटी, सहावर आडवी रेघ, दोन्हीकडे किमान आणि कमाल आकड्यापर्यंत जाणाऱ्या रेघा, म्हणजे मिशा. पेटीच्या लांबीच्या दीडपटीहून जास्त दूर गेलेला आकडा वेगळा ठिपका म्हणून दाखवतात. आपली वरची हद्द ८ अधिक ४.५, म्हणजे १२.५. बारावाला शेतकरी थोडक्यात आत राहिला; १२० असता तर लगेच उघडा पडला असता. हद्दीबाहेरचा आकडा दिसला म्हणून खोडायचा मात्र नाही, त्या घरी परत जाऊन विचारायचं. ठिबकवर टोकण पद्धतीनं लावणारा कुणी खरंच पुढे गेलेला असू शकतो.

आलेख कोणताही असो, त्याखाली चार गोष्टी लिहा: काय मोजलं, कोणत्या एककात, किती जणांकडून, कधी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना मथळा कापला जातो, म्हणून हे चित्राच्या आतच लिहिलेलं बरं.

पायरी ९: दोन चल एकत्र

एका शेतकऱ्याची दोन मापं असतील, जसं पेरणीची तारीख आणि उतारा, तर आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर उतारा, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा एक बिंदू. हा विकीर्ण आलेख. बिंदू एका दिशेनं चढत किंवा उतरत असतील तर सहसंबंध आहे म्हणायचं.

इथे घाई नको. समजा तुम्ही फवारण्यांची संख्या आणि उतारा यांचा आलेख काढला आणि बिंदू उतरताना दिसले: जास्त फवारण्या, कमी उतारा. फवारणीनं पीक मारलं असा निष्कर्ष काढून कुणी कृषी सेवा केंद्रात भांडायला गेला तर नवल नाही. पण ज्याच्या रानात पिवळा मोझॅक किंवा खोडमाशी आली, त्यानंच घाबरून चार-चार फवारण्या केल्या असतील. उतारा रोगानं घटला आणि फवारण्याही रोगानंच वाढल्या. सहसंबंध खरा, कारण मात्र तिसरंच. नुसता आलेख बघून यातलं कोणतं खरं ते ठरत नाही. त्यासाठी वहीत दोन रकाने वाढवून पुन्हा त्याच वीस घरी जावं लागेल: रोग पहिल्यांदा कधी दिसला, आणि पहिली फवारणी कधी झाली.